बुधवारच्या पाहुण्यांसाठी वाइन

सोमवार, १० मार्च

शेवटी ते माझ्याच गळ्यात पडलं. आमची पीचचे डबे भरणारी कंपनी अथेन्सच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली त्याला चार महिने झाले. आता तिकडचे चार सहकारी आमचं थेसालोनिकीचं ऑफिस बघायला येणार आहेत. दिवसभर बैठका, संध्याकाळी जेवण. दिवस मीच सुचवला, ९ एप्रिल, कारण त्या दिवशी बुधवार आहे आणि बुधवारी हॉटेलांत गर्दी नसते. अथेन्सचे मुख्य व्रेत्तोससाहेब. त्यांच्या सेक्रेटरीनं, लुकियानं, लगेच कळवलं की साहेबांना वाइनची उत्तम जाण आहे, तेव्हा वाइनची यादी चांगली असेल अशाच ठिकाणी बसवावं.

डायरेक्टर म्हणाले, हे काम एवांथियाबाईंचंच, त्या नन्सच्या शाळेत शिकलेल्या. एकसष्टाव्या वर्षीही माझी हीच ओळख. तिथल्या नन मासेर क्लोतिल्दनं आम्हां मुलींना वाइनचा पेला दांडीला धरायला शिकवलं हे खरं, पण वर्षभर त्या पेल्यात पाणीच होतं.

पास्खालिस, आमचा वाहतुकीचा प्रमुख, बावीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "त्यात शोधायचं काय? मिल्तोसकडे न्या. त्याच्यासारखी यादी शहरात कुणाकडे नाही." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खोकायला लागला.

मिल्तोस माझा धाकटा भाऊ, त्याचं इथंच हॉटेल आहे. आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही. मी म्हटलं, शहरात हजार हॉटेलं आहेत.

शुक्रवार, १४ मार्च

काल संध्याकाळी समुद्रासमोरचं ते काचेचं नवं हॉटेल बघून आलो. पास्खालिस बरोबर होता. त्याची बायको नातवाच्या बारशाला जर्मनीत गेली आहे, त्यामुळे तो कुठेही यायला तयार असतो. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास आहे, मांस-मासा चालत नाही, म्हणून आपण फक्त माकुळ खाणार असं त्यानं आल्याआल्या जाहीर केलं आणि तीन बशा मागवल्या. मी पहिला आठवडा कडक करते आणि ईस्टरच्या आधीचा शेवटचा. मधल्या दिवसांत देवाचं आणि माझं सामोपचारानं चालतं, बहुतेक सगळ्यांचं चालतं तसं.

यादी म्हणून कागद नव्हताच. टेबलाला एक काळापांढरा चौकोन चिकटवलेला, त्यावर फोन धरायचा आणि बारीक अक्षरं वाचायची. माझा वाचायचा चष्मा घरी. पास्खालिसनं मोठ्यांदा वाचायला घेतलं तशी शेजारची माणसं वळून बघायला लागली. फ्रान्सच्या नव्वद, इटलीच्या चाळीस, नाउसाची एक. तासाभराच्या रस्त्यावर ते डोंगर आहेत, तिथे आमचं गाव आहे, आणि एक. ती मागवली तर वेटर विचारतो, गोड हवी की कोरडी?

बाबांनी जन्मभर आमच्या मळ्याची लाल कोरडीच केली; ते असते तर टोपी डोक्यावर ठेवून उठले असते. मी उठले नाही. आता बाबा का उठले असते हे त्या वेटरला कोण समजावणार. पण घरी येईपर्यंत चरफडत होते.

बुधवार, १९ मार्च

आज बंदरामागच्या जुन्या तेलाच्या वखारींपैकी एकीत. तिथे म्हणे फक्त नैसर्गिक वाइन मिळते. बसायला उंच स्टुलं. माझे पाय पहिलीतल्या मुलीसारखे लोंबत होते. मालकानं पंधरा मिनिटं उभ्यानं भाषण दिलं, आमची वाइन जिवंत असते, आम्ही तिच्यात ढवळाढवळ करत नाही. पेल्यात जे आलं ते गढूळ होतं आणि त्याला तबेल्याचा वास होता.

पास्खालिसनं एक घोट घेतला, पेला उजेडात धरला आणि फार सहानुभूतीनं म्हणाला, "जिवंत आहे खरी. पण तब्येत बरी नाही तिची."

मालकाला राग आला. मलाही आला, पास्खालिसचा नव्हे. घरच्या घरी वाइन करणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांच्यात कुणी अस्वच्छ नव्हतं. आई पिंपं धुवायची तेव्हा आम्हां दोघांना आत उतरवायची, कारण आम्ही लहान होतो आणि पिंपाच्या तोंडातून मावायचो. मिल्तोस आत बसून गाणी म्हणायचा, आवाज घुमतो म्हणून. ओढून बाहेर काढावा लागायचा.

हे मी कशाला लिहिते आहे?

शनिवार, २२ मार्च

काल आशा वाटली होती. मोठ्या हॉटेलची गच्ची, खाली अख्खं आखात, आणि चामड्याच्या बांधणीची चाळीस पानांची यादी. मी सवयीनं आधी नाउसाचं पान काढलं. अकरा नावं. त्यातली एक मागितली. वेटर खाली गेला, वर आला: संपली. दुसरी. संपली. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी तो गेलाच नाही. हळूच म्हणाला, "बाई, खरं सांगू का, यादी आमच्या आधीच्या मॅनेजरनं केली होती. फार शिकलेले होते. ते गेले बेटावर."

"मग आहे काय तुमच्याकडे?"

"एक लाल आहे."

पास्खालिस म्हणाला, मृत्यूच्या बातम्यांचे कागद भिंतींवर चिकटवतात, ते असे बांधून का ठेवलेत? मला हसू आलं आणि मग रडू. दोन आठवडे गेले, पाय सुजले. पहिल्याकडे यादीच दिसत नव्हती, दुसऱ्याची वाइन बिघडलेली, तिसऱ्याची संपलेली.

मंगळवार, २५ मार्च

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. रस्त्यावर मुलांचं संचलन, प्रत्येक घरातून खारवलेल्या माशाचा आणि लसणीच्या चटणीचा वास. आज सणही आहे, म्हणून उपासात मासा चालतो. मी एकटीपुरता तळला. नवरा होता तोवर या दिवशी आम्ही गावी जायचो.

नवरा गेला तेव्हा मिल्तोस चर्चमध्ये आला होता. शेवटच्या खांबाशी उभा राहिला आणि सगळं होण्याआधी निघून गेला. लोकांना दाखवायला आला असणार. पुढे येऊन हात हातात घेतला असता तर काय झालं असतं?

इथं खरंखुरं लिहायचं असं ठरवलं आहे, तर भांडण कशावरून झालं तेही लिहायला हवं. बाबा गेल्याचा चाळिसावा दिवस होता. चर्चच्या अंगणात उकडलेल्या गोड गव्हाच्या पुड्या वाटल्या जात होत्या, कॉफी चालू होती, सगळं गाव हजर. त्या सगळ्यांसमोर मिल्तोस मला म्हणाला, "तू बाबांना दोनदा पुरलंस, आंथी." मी कप खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. असलं वाक्य कुणी बहिणीला बोलतं का? ते अजून माझ्या कानात आहे.

शनिवार, २९ मार्च

वरच्या शहरातली ती जुनी खानावळ. चढ चढून दम लागला. तिथे वाइन पत्र्याच्या मापातून किलोवर मिळते, हे आम्हां सगळ्यांना माहीत असतं, पण पास्खालिस म्हणाला की त्यांनी आता बाटल्याही ठेवल्या आहेत. मी यादी मागितली. म्हातारा मालक टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"यादी अशी: लाल आहे, पांढरी आहे, आणि आत माझी बायको आहे. ती यातली कुठली देईल ते तिच्या मर्जीवर."

सुटी लाल अर्धा किलो घेतली. चांगली होती. खरोखर चांगली होती, आणि म्हणून मला जास्तच राग आला. कारण अथेन्सच्या साहेबाला पत्र्याच्या मापासमोर कसं बसवणार? मी कुणाला जेवायला बोलावते आहे ते सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, "मग मिल्तोसकडे जा ना, पोरी. तो नाउसाचा. त्याला कळतं."

"मलाही कळतं. मीही नाउसाचीच," मी म्हटलं.

तो पास्खालिसकडे बघून म्हणाला, "हिला झालंय काय?"

मंगळवार, १ एप्रिल

काल ऑफिस सुटल्यावर बाजूच्या गल्लीतून गेले. मिल्तोसचं हॉटेल आयिया सोफिया चर्चच्या मागे आहे, लहानसंच. मी आत गेले नाही. यादी दाराबाहेर काचेच्या चौकटीत लावलेली आहे. वार्दारिस, आमचा उत्तरेचा वारा, सुटला होता, डोळ्यांत धूळ जात होती, तरी अर्धा तास वाचत उभी राहिले.

त्यानं वाइन देशांप्रमाणे लावलेल्या नाहीत की रंगाप्रमाणेही नाहीत. डोंगराच्या उतारांप्रमाणे लावल्या आहेत. खालून वर. ओढ्याजवळचा मळा, मग चर्चमागचा, मग थोमासकाकांचा, आता त्यांची मुलगी बघते. वाचत गेलं की चालत गेल्यासारखं वाटतं. आमच्या डावीकडचा मळा आहे. उजवीकडचा आहे. मधला नाही.

मधला का नाही हे मला माहीत आहे. तिथे पीच आहेत. ते लावायला मी लावले. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, गुडघे गेलेले, छाटणी करवत नव्हती. आमची कंपनी पीचचे करार देत होती, फळं फाटकाशी येऊन उचलत होती. करार मीच घेऊन गेले. मिल्तोस तेव्हा म्युनिकमध्ये एका हॉटेलात कामाला होता, त्याला फोनवर सांगितलं, विचारलं नाही. वेली उपटायला यंत्र आलं त्या दिवशी बाबा खिडकीशी खुर्ची घेऊन बसले होते. मी म्हटलं, बाबा, आत या. ते म्हणाले, जरा बघू दे. पुढच्या हिवाळ्यात गेले.

मी त्यांच्या गुडघ्यांसाठीच केलं. तेवढ्यासाठीच. कंपनीत माझं नाव झालं, हे त्यातून आपोआप झालं.

आज सकाळी फोन करून बुधवारचं टेबल ठरवलं, कंपनीच्या नावानं. फोनवर एक बाई होत्या. हे फक्त यादीसाठी. आठवडा उरला आहे आणि शहरात दुसरी धड यादी नाही. पास्खालिसला सांगितलं तर तो फक्त "बरं" म्हणाला, हे त्याच्या स्वभावाला धरून नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

हॉटेलच्या त्या बाईंचा फोन. मालक विचारताहेत, टेबल खिडकीजवळ मांडू की आतल्या भिंतीशी, कारण खिडकीतून वारा येतो आणि मानेला त्रास होतो. मी म्हटलं, भिंतीशी. फार काळजी घेतात म्हणायची गिऱ्हाइकांची. साठीपुढच्या बायकांची नावं बघून विचारत असतील. पण मग लक्षात आलं, मी तर कंपनीचं नाव दिलं होतं. पास्खालिस बोलला असणार कुणाकडे तरी.

मंगळवार, ८ एप्रिल, दुपार

ऑफिसातच लिहिते आहे.

लुकियाचा फोन आला, उद्याच्या गाड्यांबद्दल. शेवटी सहज म्हणाली, साहेबांच्या जेवणाचं तुम्ही बघितलं असेलच, बुधवार आहे. मी म्हटलं, बुधवारचं काय? ती म्हणाली, "अहो, साहेब अख्खा उपास करतात. चाळीसच्या चाळीस दिवस. बुधवारी तर तेल नाही आणि वाइनही नाही. शनिवारी, रविवारी घेतात."

मी म्हटलं, पण तुम्हीच तर लिहिलंत, वाइनची जाण आहे.

"आहेच की. पण उपासात कशी घेतील? मला वाटलं हे तुम्हाला सांगायला नको. नन्सच्या शाळेतल्या ना तुम्ही?"

महिनाभर. एक महिना मी या शहरात वाइनसाठी वणवण केली, ऐन उपासात, बुधवारच्या जेवणासाठी, आणि एकदाही डोक्यात आलं नाही. दिवसही मीच निवडलेला. ऑफिसात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे माकुळ खाऊन उपास करणारे.

पास्खालिस म्हणाला, आता सोपं झालं. समुद्रावर कुठेही न्या, शिंपले उकडून देतील. मिल्तोसकडे जायची गरज उरली नाही. मग माझ्याकडे बघत राहिला.

टेबल रद्द करायला फोन केला. त्या बाई उचलतील असं वाटलं होतं. उचलला मिल्तोसनं. आवाज जाड झाला आहे, बाबांसारखा.

मी म्हटलं, "उद्याच्या टेबलाबद्दल." आणि पुढे मला रद्द हा शब्द काढताच आला नाही. म्हटलं, "मुख्य पाहुण्यांचा उपास आहे."

"तेल नाही?"

"नाही."

"वाइन?"

"तीही नाही."

त्यानं कुणाला तरी भट्टी बघायला सांगितलं. मग म्हणाला, "मग माझ्याकडे कशाला येतेस?"

"टेबल ठरवलंय म्हणून."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

अकरा वर्षांनंतर हे एवढंच बोलणं.

गुरुवार, १० एप्रिल

कालचं सगळं क्रमानं लिहिते.

व्रेत्तोससाहेब लहानखुरे, टकलू, हळू बोलणारे निघाले. बाकीच्या तिघांनी यादी हातोहात फिरवली, कौतुक केलं, डावीकडच्या मळ्याची लाल मागवली. पास्खालिसनं साहेबांना विचारलंच, वाइनची एवढी जाण असून चाळीस दिवस कसे निघतात? ते म्हणाले, "जाण आहे म्हणून तर उपास होतो. न आवडणारी गोष्ट सोडली तर तो कसला उपास?"

मिल्तोस स्वतः वाढत होता. केस पांढरे झालेत. माझ्या पुढ्यात बशी ठेवताना त्यानं सगळ्यांना म्हटलं तेच म्हटलं, "घ्या." उकडलेली रानभाजी, भट्टीत भाजलेले चणे, शिंपले, आणि साहेबांसाठी बिनतेलाचे मसूर. मसुरांबरोबर व्हिनेगरची छोटी बाटली.

साहेबांनी दोन थेंब घातले. चव घेतली. मग चमचाभर घातलं. मग नुसतं पावावर घेऊन खाल्लं आणि डोळे मिटून बसले. मिल्तोस परत आला तसं त्यांनी विचारलं, हे कुठलं?

"घरचं."

"द्राक्ष कुठलं?"

"आमच्या वडिलांच्या मळ्यातलं. त्यांची शेवटची वाइन होती."

"मळा बघायला मिळेल का?"

"मळा नाही आता," मिल्तोस म्हणाला. "पीच लावले."

तो रिकाम्या बशा उचलायला लागला. कुणी लावले ते सांगितलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. सांगितलं असतं तर मी कप ठेवून उठले असते, मला त्याची सवय आहे. त्यानं सांगितलं नाही म्हणून मला बसवेना.

"मी लावले," मी म्हटलं. "मी त्यांची मुलगी. वेली मी उपटायला लावल्या. आपल्याच कंपनीसाठी."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे ती फळं आपल्याच डब्यात आली," ते सावकाश म्हणाले. पास्खालिसनं घाईघाईनं सांगितलं की फळं मात्र चांगली होती, त्यानं स्वतः ट्रकनं आणली होती. बिचाऱ्याला मला मदत करायची होती.

हलवा आला तेव्हा मी उठून आत गेले. मिल्तोस पाठमोरा पाव कापत होता.

"बाबांचं शेवटचं पिंप तुम्ही सगळ्यांनी प्यायलंत असं मला वाटत होतं," मी म्हटलं.

"पिंप वरपर्यंत भरत राहावं लागतं. दर महिन्याला. हवा राहिली की आंबून गेलं."

"माहीत आहे."

"चाळिसाव्यानंतर मी दीड वर्ष गावी गेलो नाही. गेलो असतो तर तू दिसली असतीस." त्यानं सुरी ठेवली, पण वळला नाही. "मग एकदा पिंपाच्या खोलीचं दार उघडलं तर बाहेरूनच वास आला. वेली तू काढायला लावल्यास. पिंप माझ्याकडे होतं. मी अकरा वर्षं लोकांना फक्त पहिलं सांगतोय."

मी पावाचा एक तुकडा उचलला. म्हटलं, "चांगलं झालंय पण."

"काय?"

"व्हिनेगर."

"त्यात मी काहीच केलं नाही, आंथी. ते आपलं आपण झालं."

बाहेरून पास्खालिस मला हाक मारत होता. मी दाराशी पोचले तेव्हा मिल्तोस म्हणाला, "शनिवारी ये. दुपारी. शनिवारी वाइन चालते."

रविवार, १३ एप्रिल

काल गेले होते. हॉटेल दुपारचं बंद ठेवलं होतं त्यानं. एक टेबल, दोन पेले, थोमासकाकांच्या मळ्याची बाटली आणि बूच काढायचा स्क्रू. मी नीट केस करून गेले होते. काय बोलायचं तेही मनात तयार होतं.

बसल्याबसल्या तो म्हणाला, पीच काढून पुन्हा वेली लावू, अर्धी जमीन तुझी आहे, तुझी सही लागेल.

मी म्हटलं, झाडं ऐन भरात आहेत, आत्ताच तर फुलून गेली, कोण काढतं असली झाडं?

"तूच वेली काढल्या होत्यास. त्याही ऐन भरातल्या होत्या."

मग जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बाबांची सही. तो म्हणाला, पेन तू हातात दिलंस. मी म्हटलं, आणि तू कुठे होतास, त्यांचे गुडघे म्युनिकहून दिसत होते का? तो म्हणाला, दिसत नव्हते म्हणून तर विचारायला हवं होतंस. चर्चच्या अंगणातलं ते वाक्य मी त्याला शब्द न शब्द ऐकवलं, आणि त्यानं मला ऐकवलं की ते बोलल्यावर तो गाडीपर्यंत मागे आला होता, मी काच वर केली. मला आठवत नाही. काच वर केली असेन. मी दोनदा रडले, तो एकदा. स्वयंपाकघरातल्या त्या फोनवरच्या बाईंनी मधलं दार हळूच लावून घेतलं.

साडेचारला संध्याकाळची टेबलं मांडायला माणसं आली. आम्ही दोघं घसा बसलेले, आणि बाटलीचं बूच जसंच्या तसं. ठरलं काहीच नाही. पीच जिथल्या तिथे उभे आहेत. मी इतकी संतापले होते की बस न घेता सगळा किनारा चालत घरी आले.

पहाटे जाग आली तेव्हा आठवलं, एक मुद्दा सांगायचा राहूनच गेला. करारावर सही करण्याआधी बाबांनी तो कागद दोनदा वाचला होता. चष्मा पुसून, दोनदा. हे मिल्तोसला माहीत असायला हवं. नाहीतर तो आयुष्यभर पेनाचंच घेऊन बसेल.

नऊ वाजून गेले. उठला असेल. फोन करते.